डबा क्रमांक सदतीस

माती काल आली कुरियरने,
दुहेरी प्लास्टिकमध्ये, तोंडाला सुतळीच्या तीन गाठी.
चिठ्ठीवर निळ्या पेनाने: मौजे पिंपरखुटी, गट नंबर दोनशे चौदा,
सोयाबीन, शेंग धरताना. खोली वीस सेंटिमीटर.
खाली वेगळ्या, जाड अक्षरात:
हौसाबाई मुळूक. पोचल्यावर कळवावे.

मी कळवलं नाही. आमच्यात तशी पद्धत नाही.

अंधेरीच्या या सातव्या मजल्यावर
ऑगस्टात फायलींना केस फुटतात,
मिठाच्या बरणीत पाणी सुटतं.
पास्कल वसईहून येतो, येताच तराजू कोरड्या फडक्याने पुसतो
आणि कुणाला तरी शिवी घालतो.
मग आम्ही दुष्काळ मोजायला बसतो.

डबा सदतीस. ओली माती अठ्ठावन्न पूर्णांक चार ग्रॅम.
ओली म्हणायचं, कारण रकान्याचं नाव तसं आहे.
एकशे पाच अंशांवर चोवीस तास.

तोवर मी पडद्यावर वरून बघते तेच शेत:
चार ठिपके. जूनअखेर हिरवे, जुलैत पोपटी,
आणि ऑगस्टच्या पहिल्या तिन्ही चित्रांत
पांढरे.
पांढरं म्हणजे ढग.
ढगाखालचं उपग्रहाला दिसत नाही,
म्हणून गणित शेजारच्या गावांची सरासरी उचलून
तिथे ठिगळ लावतं.
एकवीस दिवस पिंपरखुटीवर ढग होते.
एकवीस दिवस पिंपरखुटीला पाऊस नव्हता.
दोन्ही खरं, आणि अहवालात
दोन्हीसाठी मिळून एकच रकाना.

हंगामाचा पाऊस मात्र सत्त्याण्णव टक्के.
चार रात्रींत पडला, बांध फोडून गेला.
आजोबा तरणा पाऊस, म्हातारा पाऊस म्हणायचे;
नक्षत्रांनाही वय असायचं तेव्हा.
आता मी सरासरी काढते तीस वर्षांची
आणि कळत नाही, कुठली तीस घ्यावीत.
जुनी घेतली तर प्रत्येक साल आजारी दिसतं,
नवी घेतली तर आजारच
प्रकृती ठरतो.

दुपारी फोन. लँडलाइनवर, अजून कुणी करतं.
"माझी माती पोचली का?"
लेक सासरी पोचली का, असं विचारतात तसं.
पोचली म्हटलं.
"मीच उकरली. तो पोरगा वरवरची घेत होता.
वर काय, वर फुफाटाच. खाली बघा म्हटलं."
मग थांबून,
"काम झाल्यावर परत देता का?"
नियमात नमुना नष्ट करायचा असतो.
मी म्हणाले, विचारते.
कुणाला, ते त्यांनीही विचारलं नाही.

सकाळी डबा उघडला.
एक्कावन्न पूर्णांक दहा.
म्हणजे पाणी चौदा टक्के.
शून्य नाही, चौदा.
काळी माती कंजूष: घट्ट धरून ठेवते,
मुळं दारात उभी राहतात, ती कडी काढत नाही.
घरात पाणी आहे आणि पीक तहानेनं मरतं,
याला इंग्रजीत एक बिंदू आहे, आमच्या तक्त्यात तो तांबडा.
हौसाबाईंनी तो बोटांनी आधीच ओळखला असणार.
मी दोन दशांश जास्तीचे दिले, एवढंच.

"लवकर लिहा," पास्कल म्हणाला, "चढतंय."
तराजूवर एक्कावन्न पूर्णांक अकरा.
तेरा.
सोळा.
खिडकी बंद होती. फटीतून शिरलेली मुंबईची हवा,
खारी, ओशट, कुणालाच नको असलेली,
ती माती पीत होती
आमच्या डोळ्यांदेखत, भाजलेल्या तोंडाने.

नियम असा, की पहिला आकडा धरायचा.
मी धरला.
पण डब्यावर झाकण ठेवायला
पास्कलचा हात पुढे गेला नाही, माझाही नाही.
बाहेर रस्ता तुंबलेला, गाड्यांचे भोंगे,
पाण्याचा कुणीतरी पंप लावून उपसा करत होतं,
गटारात सोडत होतं.
एकोणीस.
बावीस.