लिलावाआधी

बर्फाच्या कारखान्यातून आलेली बैलगाडी
वाळूत चाक रुतवून उभी आहे.
होड्या अजून किल्ल्यापलीकडे.
मुबीन, माझ्या बहिणीचा नातू, वय वर्षं नऊ,
गाडीखाली ठिबकणारं पाणी पायाच्या अंगठ्यावर झेलत विचारतो,
नाना, बर्फ पडतो म्हणजे पडतो कुठून?

बत्तीस वर्षं मी जहाजावर भंडारी होतो.
(हर्णैत भंडारी म्हटलं की जात समजतात.
जहाजावर भंडारी म्हणजे
सगळ्यांच्या आधी उठून कांदा कापणारा.)
कागदपत्रांत बंदरं एकोणचाळीस.
मी म्हणतो, बाजार एकोणचाळीस.
माल उतरेपर्यंत मला मिळायचे चार तास,
आणि चार तासांत स्वयंपाकी माणूस
भाजीच घेऊन येतो.
तेव्हा मनोरे, राजवाडे मला विचारायचे नाहीत.

मोंबासा विचारा.
तिथे एक बाई बसली होती, अगदी आपल्या खोवणीवर,
तसंच लाकूड, तसंच दातेरी पातं,
नारळाचा चव पडत होता खालच्या ताटात.
म्हणाली, हिला आम्ही बकरी म्हणतो.
मी हसलो तशी उठली
आणि मलाच बसवलं बकरीवर.
सात नारळ खोवून घेतले माझ्याकडून.
वर भावात सूट नाही.

वालपराइसो.
तेलाचा पिंप आडवा कापून
त्यात मासे तळणारा एक म्हातारा,
भुवया जळलेल्या.
कुठला तू, असं हातानेच विचारलं.
मी टेबलावर मीठ सांडलं,
बोटाने किनारा ओढला, खाडी काढली,
आणि ठेवला एक ठिपका.
त्याने बराच वेळ पाहिलं
आणि ठिपक्यावर लिंबू पिळलं.

पुसानला रेशमाचे किडे खाल्ले, उकडलेले,
कागदाच्या पुडीतून.
पुडी देणारी बाई इतकी आशेने बघत होती
की नाही म्हणवेना.
हे जैतूनला शेवटपर्यंत सांगितलं नाही.
तिला वाटायचं, तिच्या घावण्यांच्या आठवणीनेच
मी तिकडे वाळतो.
तेही खोटं नव्हतं.

आणि एक माणूस,
ज्याचं बंदर मला आठवत नाही.
वांगी घेतली होती त्याच्याकडून, दोन पोती.
धक्क्यावर परत येत होतो तर मागून ओरडत आला,
दांडगा, हात वर केलेला.
मला वाटलं, मारायला येतोय.
पोती टाकली आणि पळालो, शिडी चढून थेट वर.
वरून पाहिलं तर
शिडीच्या पायथ्याशी धापा टाकत उभा,
तळहात उघडा,
त्यात माझी राहिलेली मोड.
शेजारी माझी पोतीही आणून ठेवलेली.
पोती खलाशांनी वर घेतली.
मोड घ्यायला मी उतरलो नाही.
का उतरलो नाही, हे अजून नीट सांगता येत नाही.
लाज वाटली म्हणावं
तर लाज ही फार स्वस्तातली सबब आहे.
नकाशावर बोट ठेवून शोधलंय मी ते बंदर,
आडवं, उभं.
सापडत नाही.
तळहात तेवढा सापडतो.

नाना, बर्फ.

हो. अर्खांगेल्स्कला पडला होता.
लोणचं घातलेल्या काकड्या विकणारी एक बाई,
बादलीवर पांघरूण, स्वतःवर दोन.
मी गोठलेली बोटं काखेत घालून उभा,
पैसे काढता येईनात,
तर तिने काकडी सरळ माझ्या तोंडात धरली,
तान्ह्या पोराला भरवावी तशी.
तेव्हा पडत होता, तिच्या पापण्यांवर.

मुबीन गाडीवरचा चुरा ओंजळीत घेतो,
वर उडवतो,
अर्धा त्याच्या डोक्यावर, अर्धा बैलाच्या.
बैल शिंग हलवतो.
असा?
असाच. फक्त आवाज नसतो.
म्हणजे?
म्हणजे पडताना काहीच ऐकू येत नाही.
सगळं गाव गप्प होतं.

पण होड्या आता लागल्यात.
हिरूबाई चोगले पाटीवर पाटी आपटतेय,
कुणी सुरमईची बोली लावतंय, कुणी ती तोडतंय,
पुण्याची मंडळी फोन उंच धरून
वाळूत चपला शोधतायत.
मुबीन कानाला हात लावून ओरडतो,
काय नसतं?

आवाज, मी ओरडून सांगतो,
आवाज.