नव्वद मिली

आमची पांढरी गाडी स्टेडियमच्या फाटकातून आत वळली
तेव्हा आठशे मीटरच्या यादीत अकरा नावं होती.
शिट्टी झाली तेव्हा रेषेवर चार पोरी.
एकीचा घोटा अचानक दुखावला, एकीची मावशी वारली,
बाकीच्यांना कारण सांगायलाही सवड झाली नाही.
खारकर आळीच्या बाजूची भिंत तशी फार उंच नाही.

मी साक्षीदार.
म्हणजे पोरगी भांड्यात लघवी करते तेव्हा
समोर उभी राहून बघते ती बाई.
टी-शर्ट छातीपर्यंत वर, चड्डी गुडघ्यांपर्यंत खाली,
बाह्या कोपरापर्यंत. नियम आहे.
कुणीतरी कधीतरी धाकट्या बहिणीची लघवी
फुग्यात लपवून आणली होती, म्हणून आहे.
फुगा तिचा,
लाज जयवंतीची.

जयवंती वरठा, राहणार येऊर, पाडा. पहिली आली.
पहिली आली म्हणून सापडली.
भिंतीवरून का नाही गेलीस, असं मी विचारलं नाही.
साक्षीदारानं विचारायचं नसतं.

पहिल्या खेपेला चाळीस मिली. नव्वद लागते.
दोन बाटल्या पाणी प्यायली,
मग एकशे दहा, पण पातळ.
डॉक्टरांनी काचेवर थेंब धरला, मान हलवली.
पुन्हा बस.
"येऊरची शेवटची गाडी गेली," ती म्हणाली
घड्याळाकडे न बघता.

फॉर्मवर एक रकाना आहे:
गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं.
"काय नाय."
मग बऱ्याच वेळानं, "खोकला होता.
उपवनच्या मेडिकलवाल्यानं लाल औषध दिलेलं.
लिहू का, ताई?"

लाल औषधात काय असतं ते मला ठाऊक आहे.
भिंतीवरून गेलेल्यांच्या सरांनाही ठाऊक आहे.
काय किती दिवसांत अंगातून उतरतं,
कुठला फोन उचलायचा नाही,
पत्त्याच्या जागी कुठलं लॉज टाकायचं.
त्यांच्याकडे डॉक्टर आहे, तारखांची वही आहे.
हिच्याकडे मेडिकलवाला.

"जे घेतलंस ते लिही," मी म्हणाले.
इतकंच बोलायची मुभा आहे.
लिहून सुटशीलच असं नाही,
हे सांगायची नाही.

"तुमची घेतलेली कधी?"
"आमच्या वेळी नव्हतं हे."

खरंच नव्हतं.
कॅम्पात दर मंगळवारी सर कमरेत सुई द्यायचे,
ताकदीची म्हणायचे. आम्ही रांग लावायचो,
हसत, एकमेकींना ढकलत.
त्या वर्षी माझा आवाज बसला तो बसलाच.
शोकेसमध्ये कांस्य आहे. पाहुणे आले की सून दाखवते.
चौथी आली होती बेलापूरची पाटकर.
ती रांगेत उभी राहायची नाही.
सर तिला भित्री म्हणायचे, आणि आम्हीही.

म्हणून चाचणी नको, असं मी कधी म्हणत नाही.
पाटकरसाठी तरी नाही म्हणत.
पण ही जाळी कुणी विणली कोण जाणे,
बोईट अडकतं आणि
खाडीतले मोठे मासे तिला वळसा घालून जातात.

नऊ चाळीसला पंच्याण्णव मिली. गडद. चालली.
दोन बाटल्या, ए आणि बी. झाकणं तिनंच फिरवली,
कट कट कट,
आकडा मोठ्यानं वाचला, शाळेत पाढे म्हणतात तसा.
फाटकावर रिक्षावाला म्हणाला, उपवनपर्यंत. वर नाही.
"चालेल. पुढं पळत जाईन."

वॉचमन दिवे घालवायला आला.
त्याला म्हटलं, दोन मिनिटं थांब.
पाच वाजल्यापासून मलाही लागली होती.
त्याच संडासात गेले, दार ओढलं,
कडी घातली.
समोर कुणी नव्हतं.
तरी बराच वेळ
होईना.