दांड्याची सूट

सावद्याच्या काट्यावर रात्री साडेअकराला
युसूफ पिंजारीनं पावती छापायला घेतली.
प्रिंटरनं कागद चावला.
पुन्हा बटण, पुन्हा चावला.
तिसऱ्यांदा निघाली एकदाची,
आणि जागची हललीसुद्धा नव्हती ती दिल्लीची गाडी
अठरा क्विंटलनं हलकी झाली.

फोनवर म्हणाला, "ताई,
उभ्या गाडीतली केळी कुठी चालली?"

मी खताच्या दुकानावरच्या खोलीत
पोरांना कोडिंग शिकवते,
आणि काट्यांचे हे हिशेब लिहून देते.
उघडून पाहिलं. चूक माझीच.
छापणाऱ्या फंक्शनच्या हातात
मी गाडीच दिली होती,
गाडीची नक्कल नाही.
त्यानं इमानानं काम केलं:
नऊ क्विंटल दांडा वजा, मग छाप.
सांगितलं तितक्या वेळा वजा.
आपल्याकडं आलेलं मूळ आहे
हे त्याला कुणी सांगितलं होतं?

पोरांना मी शिकवताना सोपं करून सांगते.
दाखल्याची झेरॉक्स दिली, तिच्यावर चहा सांडला,
पेटीतल्या दाखल्याला डाग नाही.
शेजारणीला घराची किल्ली दिली,
तिनं दूध उतू घालवलं,
तर काळा झालेला ओटा तुझाच.
पोरं मान हलवतात.
मीही हलवत आले इतकी वर्षं.

मग नक्कल काढून दिली. निजले.
सकाळी युसूफ पुन्हा फोनवर.
नक्कल वरवरची निघाली:
गाडीचा नंबर वेगळा, चालकाचं नाव वेगळं लिहिलेलं,
पण आत पाच मळ्यांच्या ज्या नोंदी,
त्यांचे फक्त पत्ते उतरले होते.
दोन गाड्या, आणि पोटात
तेच पाच मळे.
एकीत दांडा कापला की दुसरीत कापलेला.

हे दुरुस्त करत होते
तेव्हा उधन्याहून रेवतीचा फोन आला.
जुळी माझी. सुरतेला दिलेली.
पोरांना झोपवताना तिनं सांगितलेली गोष्ट मला सांगत होती:
आमचे अप्पा जिनिंगमध्ये तोलाईला होते,
कधी कुणावर हात नाही उगारला.

मी म्हणाले, रेवा, पट्टा?
खुंटीवरचा तो पट्टा?
ती म्हणाली, तो तर पँटीचा होता गं.

वाटायचं, माझ्याकडं माझे अप्पा आहेत,
तिच्याकडं तिचे.
एकाच दिवशी वाटून घेतलेले, वेगळे.
पण त्या रात्रीपासून
खुंटीवर हात जातो त्यांचा
आणि तिथंच थांबतो,
मग मान खाजवतात,
मला पाठमोरे.
मी यातलं काहीच बदललेलं नाही.

गाडीची आता मुळापासून नक्कल होते,
मळ्यासकट, नोंदीसकट, खालपर्यंत.
वेळ थोडा जास्त लागतो,
युसूफ म्हणतो, चालेल.
दांडा एकदाच कटतो.
काल त्यानं मुद्दाम पाच पावत्या काढून पाहिल्या,
पाचही सारख्या.

अप्पांचीही अशी काढता आली असती,
रेवाला तिची देऊन माझी पेटीत ठेवता आली असती.
रविवारी तिचा फोन येतो.
मी विचारते, पोरांना पुढं काय सांगितलंस?
आणि पेन खाली ठेवून ऐकते.