मिनिटाला चाळीस फेरे

हा घे, आइली. आधी दुसरी बाजू लाव.
पहिलीवर नुसते नमस्कार-चमत्कार,
दुसरी म्हणजे एक घाव दोन तुकडे:
आठ गाणी, आणि दोन गाण्यांच्या मध्ये
श्वास घ्यायलाही कुणी थांबत नाही.

बँडचं नाव ‘वेट किंडलिंग’,
अल्बमचं ‘आन्सर द डोअर, मार्गी’.
कव्हर फोटोकॉपीच्या मशीनवर काढलेलं,
कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा आलाय.
ड्रमवाला ऐक. लगीनघाई नुसती!
मुहूर्त टळत असल्यासारखा
तो गाण्याच्या पुढे पळतो
आणि गिटार चप्पल हातात घेऊन त्याच्या मागे.
गाणारी पोरगी सोळा-सतराची असेल,
दार न वाजवता घरात शिरणारा आवाज.
पंचवीस मिनिटांत सगळं खलास.

हे मी दर बुधवारी कुणाला ना कुणाला सांगत आलोय
डुलुथमध्ये, रेइनोच्या दुकानामागच्या खोलीत,
जिथे गळाला लावायच्या अळ्या फ्रिजमध्ये
आणि रेकॉर्ड फ्रिजवर.
बाहेर सरोवर गोठलेलं, जहाजं मार्चपर्यंत बंद.
तोउआ त्याचे लाजरे इंडीवाले आणतो,
‘स्मॉल अप्लायन्सेस’, ज्यांचं प्रत्येक गाणं
तीन मिनिटं बूट शोधतं
आणि चौथ्या मिनिटाला अनवाणीच धावत सुटतं.
रेइनोला फक्त ओरडणारे चालतात.
अट एकच: आपल्या रेकॉर्डबद्दल एक वाक्य बोलायचं.
मी ती कधी पाळली नाही.

पुढच्या बुधवारी आइलीनं अल्बम परत केला.
“चांगला आहे. पण घाई कुठाय?
आणि ती पोरगी नाही रे, बाई आहे,
चाळिशीची, दमलेली.
मार्गी तिची आई असावी.
दार उघडत नाहीये ती.
आणि तीस मिनिटं लागली. अंडी उकडत ठेवली होती,
माझं लक्ष घड्याळाकडेच होतं.”

मी भांडलो. हात वर करून भांडलो.
मग सगळे माझ्या घरी आले
आणि रेइनोनं माझा रेकॉर्ड प्लेअर उलटा केला.
अर्नी काकानं इंग्लंडहून आणलेला,
तिथल्या विमानतळावर नोकरी होती त्याची.
व्होल्टेजचा डबा त्यानं नीट जोडला होता.
पण तिथली वीज सेकंदाला पन्नास झोके घेते,
इथली साठ.
तेहेतिसाच्या जागी चाळीस फेरे.
एकवीस वर्षं.

म्हणजे मी ज्याला ज्याला हा अल्बम दिला
तो तो भलतंच काही घरी घेऊन गेला.
कुणी काही बोललं नाही. फक्त लोर्नानं,
आम्ही एकत्र राहायचं ठरवत होतो तेव्हा,
परत देताना विचारलं होतं,
“हे तुला मजेशीर वाटतं?”
मी म्हणालो, भन्नाट!
तिनं कोट घातला.

परवा आइलीकडे बसून सगळा ऐकला, खऱ्या वेगानं.
शब्द न् शब्द कळला.
बाई जिन्यात उभी आहे, हातात किराणा,
आत टीव्ही चालू आहे.
ड्रमवाल्याला कसलीच घाई नाही,
तो फक्त दारावर थाप मारतोय.
उत्तम आहे अल्बम, मी मान्य करतो.
पण मला ती पोरगी हवी होती.

तर तोउआ, आता तुझी पाळी.
घरी ने, तुझ्या मशीनवर लाव,
मार्गीसाठी एकदा गप्प बसून ऐक.
मग बुधवारी माझ्याकडे घेऊन ये.
दुसरी बाजू आधी.
येताना जाड मोजे घाल,
फरशी गार असते
आणि माझ्याकडे बसून ऐकायची सोय नाही.