मधल्या टाक्यापासून

गोधडी कडेकडेने शिवत आत यायचं,
प्रदक्षिणा घालतो तसं,
असं अंबूवन्संनी दाखवलं तेव्हा
मी विचारलं, का?
त्यांनी दाताने दोरा तोडला.
"का म्हणजे? तसंच असतं."

रामबागेत दोन खोल्या आमच्या.
खाली शिंप्याचं दुकान, जिन्याखाली त्याचं चिंध्यांचं पोतं:
शाळेच्या गणवेशाचा निळा,
बँडवाल्यांच्या कोटाचा लाल,
कुणाच्या तरी लग्नातलं चमचमणारं काहीतरी, जे सुईला टोचू देत नाही.
वन्सं म्हणाल्या, नवं कापड घालू नये,
अंगाला त्याची ओळख नसते.
जुनं लुगडंच हवं.
वीस वर्षं या घरात कुणी लुगडं नेसलेलं नाही.
कुणाचं आणू?

नोव्हेंबरात मक्सूदभाई पिंजारी आला,
ओट्यावर जुन्या गादीचा कापूस पिंजत बसला.
नाकावर, भुवयांवर, सगळीकडे कापूस.
त्याला सहज म्हटलं, मधून सुरू केली तर?
तो तार थांबवून म्हणाला,
"करके देख लो ना भाभी,
उधेड़ना तो अपने हाथ में है."

उसवणं आपल्या हातात.
हे मला मराठीत कुणी सांगितलं नव्हतं.

मग बाकीचंही उसवून पाहिलं.
एका मंगळवारी अकरा वाजताच जेवले,
सगळ्यांच्या आधी, गरम, एकटी.
काही कोसळलं नाही.
वरणभातावर जीरावन टाकलं.
हे फारच जमलं, म्हणून कुणाला सांगितलं नाही.
दिगंबरला दिगंबर अशी हाक मारली, भर सराफ्यात,
तो वळला, आणि त्याच्याबरोबर आणखी एक दिगंबर.
पिशवीतलं दूध न तापवता ठेवलं,
पाश्चराइज्ड लिहिलंय की त्यावर, म्हटलं.
दुधाने मात्र वन्संची बाजू घेतली.

गोधडी फरशीवर अंथरली.
चार कोपऱ्यांवर इस्त्री, कुकर, दिगंबरचे बूट
आणि वजनाला एक जुनी टेलिफोन डिरेक्टरी.
मधोमध बसले आणि पहिला टाका घातला.
गुडघ्यांखाली सगळीकडे रिकामं.
कुठेही जाता येत होतं,
त्याचीच आधी भीती वाटली.
टाके बाहेर निघाले, डावीकडे जरा जास्त,
खालचा थर सरकत राहिला,
लाल निळ्यावर चढला.
बाविसाव्या दिवशी कडेला पोचले
तर चौकोन राहिलेलाच नव्हता.
एका बाजूने अस्तर चार बोटं बाहेर,
दुसऱ्या बाजूला वरचंच पुरेना.

तेव्हा कळलं
कड आधी का बांधत असतील.
वन्संना माहीत नव्हतं,
त्यांना शिकवणारीलाही कदाचित नसेल,
पण कुणीतरी, कधीतरी,
अशीच फरशीवर बसून चार बोटं मोजली असणार.
तिने विचारलं होतं.
उत्तर पुढे आलं, प्रश्न वाटेत गळला.

मी उसवली नाही.
बाहेर आलेलं अस्तर वर दुमडून शिवलं,
जिथे जितकं होतं तितकं.
काठ झाला नदीसारखा, कुठे रुंद, कुठे नुसती रेघ.

संक्रांतीला वन्सं आल्या.
चष्मा कपाळावर सारून अंगठा फिरवत राहिल्या,
फिरवत फिरवत नेमक्या मधल्या टाक्यावर थांबल्या.
"इथून?"
"हो."
बराच वेळ काही नाही.
मग, "पावसाळ्यात कड सुटेल."

सुटली. ऑगस्टमध्ये, वीतभर.
आत्ता तीच मांडीवर घेऊन बसलेय,
सुईत पांढरा दोरा,
आणि कुठल्या टोकापासून सुरू करावं
हे खरंच ठरलेलं नाही.