प्रति, कुटुंबप्रमुख

पाकीट हातात द्यायचं आणि गप्प बसायचं,
एवढंच माझं काम.
स्टॉपवॉच ओढणीखाली.
आधी काय बघतात: नाव, शिक्का, की मागची बाजू,
डोळा कितव्या ओळीला अडतो,
कुठे घडी परत घालतात.
सर्वेक्षण दिवाळीनंतर. आत्ता नुसती पत्राची परीक्षा आहे,
तुमची नाही, असं मी प्रत्येक दारात सांगते
आणि प्रत्येक दारात माणसं ताठ बसतात.

नमुना अ पांढरा. पहिलंच वाक्य: आपली निवड झाली आहे.
धनकवडीत लोणकरांनी तेवढं वाचून हात जोडले.
"पोराच्या नोकरीचं ना?"
मी मान हलवली. मान हलवणं नियमात बसत नाही.
चौदा सेकंद, असं लिहिलं.

नमुना ब खाकी, खिडकीचा.
गंज पेठेत मुमताज तांबोळींनी तो दोन बोटांत धरला,
गळत्या फडक्यासारखा, अंगापासून लांब.
"कार्पोरेशनचं आहे? पाडणारेत का?"
घाबरण्याचे कारण नाही, हे तिसऱ्या परिच्छेदात आहे.
तिथवर त्या पोचल्याच नाहीत.
ऑफिसात म्हटलं, सर, ते वाक्यच काढू या.
घाबरू नका म्हटलं की माणूस
कशाला, ते शोधायला लागतो.

सहकारनगरात खरवंडीकर, निवृत्त मुद्रितशोधक.
खिशातून पेन्सिल निघाली.
'माहीती'तली दुसरी वेलांटी खोडून पहिली झाली,
'आपण सहभागी व्हावेच' मधल्या 'च'भोवती गोल.
"ही विनंती आहे की समन्स?"
उत्तरं द्याल का, मी विचारलं.
"आधी नीट विचारा तरी."
अकरा मिनिटं. एवढा वेळ त्या पत्राला
लिहिणाऱ्यानेही दिला नसेल.

नमुना क मध्ये वीसची कोरी नोट.
ताम्हनकर सर म्हणतात, नोट घेतली की भीड पडते.
येरवड्यात एका पोराने पत्र ठेवलं बाजूला,
नोट उजेडात धरली.
बिबवेवाडीत एका बाईंनी ती माझ्या मुठीत कोंबली,
आमचं मत विकायला नाही काढलेलं, म्हणाल्या,
आणि मग दीड तास
ते फुकट दिलं.

तिन्ही पाकिटांवर नाव मात्र एकच: प्रति, कुटुंबप्रमुख.

हडपसरला विमल ओव्हाळांनी दार अर्धं उघडलं,
पिठाचे हात कोपरानं सावरत वाचलं,
परत केलं.
"ते झोपलेत. उठले की देते."
भाडं कोण भरतं?
(हे प्रश्न माझ्या कागदावर नव्हते.)
"मी."
पोरींची फी?
"मीच की."
गॅस कुणाच्या नावावर?
"माझ्याच. पण..."
त्या 'पण'पाशी त्या थांबल्या. आत खाट करकरली.
मी पायातल्या चपलांकडे बघत राहिले,
त्या पाकिटावर उमटलेल्या
स्वतःच्या पांढऱ्या बोटांकडे.
एक मिनिट बावीस सेकंद.
शेऱ्याचा रकाना अर्ध्या इंचाचा आहे.

सरांना सांगितलं. त्यांनी ऐकलं, खरंच ऐकलं,
चष्मा काढून डोळे चोळले.
"पाकिटं छापून आलीत, अनघा. बारा हजार."

टपालाला किती दिवस लागतात ते बघायला
एक मी माझ्याच पत्त्यावर टाकलं होतं.
पाच दिवस लागले.
पद्मावतीतली एक खोली, एक गॅस, एक ताट,
जिन्याखालच्या पेटीत
वीजबिलाला चिकटून ते आलं.
आत काय आहे ते मला पाठ आहे,
चुकीच्या वेलांटीसकट.

तरी आधी उलटून मागची बाजू पाहिली.
मग फ्रिजवर ठेवलं.

आज चौथा दिवस.