फ्लशच्या टाकीत हळद

चार दिवस झाले, दस्तगीर फोनवर म्हणतोय,
येतो की वहिनी, हे काय निघालोच.
आणि टाकी बोलतेय. रात्रंदिवस.
जोरात नाही. पलीकडच्या खोलीत कुणी
कवळी काढून जेवावं, तसं.

पंपानं वर चढवलेलं पाणी
वरून भांड्यात, भांड्यातून गटारात,
फिरून फिरून परत कृष्णेला.
येरझार तिची, बिल माझ्या नावावर.

पण बिलाचं एवढं काही नाही.
हे रात्री उठतात.
पलंगावरून आधी एकच पाय खाली सोडतात,
बोटांनी फरशी चाचपतात,
कोरडी लागली की मग दुसरा.
गावभागातलं घर सोडून सहा वर्षं झाली.
हा विश्रामबागेतला दुसरा मजला,
इथं यायचं तर पुराला जिना चढावा लागेल.
मी हे बोलून दाखवत नाही. त्यांना ठाऊक आहे.
त्यांच्या पायाच्या बोटांना ठाऊक नाही.

रविवारी यार्डाला सुट्टी.
झाकण काढून बादलीवर आडवं ठेवलं.
एवढंसं तर यंत्र:
एक तरंगता डबा, त्याची दांडी, एक उभी नळी,
तळाशी रबराची चकती.
यातलं खोटं कोण बोलतंय?
नळीचं तोंड कोरडं, पाणी तिच्या बोटभर खाली.
म्हणजे डबा निर्दोष. त्याला सोडून दिलं.

वीस वर्षं अडत दुकानात हळदीच्या वह्या लिहिते,
पोत्यात हात घालून सांगते
राजापुरी की सेलम, ओल किती.
घरात शाई नव्हती. शाई कोण ठेवतं आता?
डबा उघडला, चमचाभर टाकली.
"अगं, संडासात हळद?" हे दारातून.
"आणि भांड्यात पिवळं दिसलं तर
ते कुणाचं, कसं कळणार?"
म्हटलं, अर्धा तास कुणी आत जायचं नाही.
मग दोघंही उभे राहिलो,
हळकुंडं शिजताना काहिलीपाशी उभं राहावं तसे.

दहाव्या मिनिटाला
भांड्याच्या मागच्या उतारावरून
एक पिवळी रेघ उतरली.
केसाएवढी.

कॉक बंद केला, टाकी रिकामी केली,
दांडा पिळून बाहेर काढला.
चकतीच्या कडेला नखाएवढा खळगा,
खळग्यात गाळ. काळा, मऊ.
दोन बोटांत चोळून बघितला.
ओळखीचा होता.
ह्यांनी बघायच्या आत धुऊन टाकला.

गणपती पेठेत भरमू चौगुल्यांचं शटर अर्धं वर.
"नमुना आणलाय?"
पिशवीतून चकती काढून दिली.
त्यांनी ती उजेडात धरली, मग नाकाशी.
"हळद?"
"हळदच."
पुढे काही विचारलं नाही. तीस रुपये.
घरी येऊन बघते तर दोन सूत मोठी.
परत गेले.

दुसरी बसली.
कॉक सोडला, पाणी चढलं, डबा उचलला गेला,
शेवटचा एक सुस्कारा, आणि गप्प.
हात साबणानं धुतले तर बोटं लाल झाली.
हळदीला खार लागला की होतं असं,
यार्डात पोरासोरांनाही माहीत.
हे मात्र धावत आले, "लागलं का कुठं?"

रात्री इतकं शांत की
फ्रिजचा आवाज नव्यानं ऐकू आला.
हे उठले. एक पाय खाली. बोटं. फरशी.
थांबले जरा.
"बंद झालं गं."
"हो."
मग आत गेले, फ्लश दाबला,
आणि टाकी भरून गप्प होईपर्यंत
अंधारात तिथंच उभे राहिले.

मंगळवारी दस्तगीर आला, पाने-पकडी घेऊन.
आलाच आहेस तर बघ, म्हटलं.
त्यानं झाकण उचललं, आत वाकला,
चारी भिंती पिवळ्याजर्द.
"वहिनी," म्हणाला, "कुणाचं लगीन लागलं इथं?"